डब्यातली हाक

गजराबाईनं "पानी पी ल्या वं मायऽ" म्हटल्याशिवाय त्या पथारीवर कुणाचा हात थांबत नसे, आणि तिनं "चाला वं माय, हात लावाऽ" म्हटल्याशिवाय पुन्हा कुणाचा हात मिरचीला लागत नसे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पथारी म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा; नंदुरबारच्या बाहेर माळावर दिवाळीनंतर ओली मिरची वाळत पडायला लागली, कडेला ताडपत्रीच्या सावलीत बाया देठ खुडायला बसल्या, की त्यात सगळ्यांत जुनी बाई जी असेल तिनं हाक द्यायची. वीसेक वर्षांपूर्वी गजराबाईच्या आधीची बाई गेली. तेव्हापासून हाक गजराबाईकडे.

आणि हाक तरी कशी! मध्ये रस्ता, रस्त्यावरून ट्रक. तरी पलीकडच्या टपरीवरचा चहावाला तिच्या हाकेवर आधण ठेवायचा.

पण गजराबाईचं खरं काम दोन हाकांच्या मध्ये असायचं. मिरची खुडणाऱ्या बाईचे हात कोपरापर्यंत पेटलेले असतात. त्या हातांनी लेकराला नुसतं उचललं तरी त्याच्या गालावर लाल वळ उठतात, मग पाजायचं तर विचारायलाच नको. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाया आधी टाकीवर जायच्या. हात मातीनं चोळायचे, मग राखेनं, मग पाण्यानं. कुणी बाटलीतून ताक आणलं असेल तर ताकानं. तेवढं झाल्यावर पदर सोडायचा. गजराबाई टाकीजवळ कमरेवर हात देऊन उभी राहायची आणि बघत राहायची. शेवटच्या लेकरानं तोंड सोडलं, ढेकर दिली, की मग कुठे ती घसा खाकरायची. कधी अर्धा तास व्हायचा, कधी त्याहून जास्त. मोजलं कुणी होतं?

रूपालीला हे सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं, तेही वाईट रीतीनं. ती शहाद्याकडची, पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. लग्न झालं, नवरा सुरतेला गिरणीत, आणि डिप्लोम्याच्या कामाला "लेकरू लहान आहे का?" हा प्रश्न पहिला. शेवटी सासूच्या ओळखीनं गेल्या हंगामात ती पथारीवर आली, कडेवर चार महिन्यांची निनू. पहिल्या सुट्टीत तिनं हात नुसते पदराला पुसले आणि लेकीला जवळ घेतलं. निनूनं जो टाहो फोडला, तो ऐकून सगळी पथारी उठून उभी राहिली.

गजराबाईनं लेकरू तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. ताकात बोळा बुडवून तिचं तोंड पुसलं, ओठ पुसले, आणि रूपालीवर खेकसली, "शिकेल शे ना वं तू? मंग इतलं बी नही समजत? जाय, हात धोय. मी बठी शे."

रूपाली रडत रडत हात धूत राहिली. त्या दिवशी दुसरी हाक जवळजवळ तासाभरानं झाली. शेठचा व्यवस्थापक हेमकांत दोनदा येऊन गेला. गजराबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

यंदा मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच गजराबाईचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला. हाक मारायला जावं तर तोंडातून नुसती शिट्टी. चिंचपाड्याच्या दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की मिरचीच्या धुळीपासून लांब राहा, दुसरं औषध नाही. गजराबाईनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नाकाला फडकं बांधून पथारीवर हजर.

"घरमा काय करू?" ती रूपालीला म्हणाली. "पोर नही, सोर नही. भिंतले हाक मारू का?"

तिची बोटं वाकडी झाली होती. दुसरीच्या दोन टोपल्या होईपर्यंत तिची एक व्हायची नाही. हेमकांत टोपल्या मोजत होता. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणालाच, "मावशी, खुडणं होत नाही, हाक निघत नाही. मग इथं काय, मिरचीला नजर लागू नये म्हणून बसता का?"

बाया हसल्या. गजराबाईही हसली. पण रूपालीनं तिची मान पाहिली, ती खाली गेली होती.

रूपालीकडे एक डबा होता. स्टीलचा नव्हे, प्लास्टिकचा, जेवणाचाच. त्यात तिनं शेवटच्या वर्षाला स्वतःच्या हातानं जुळवलेला छोटा संगणक होता: तळहातात मावेल अशी पट्टी, चार बोटांचा पडदा, मोजक्या कळा, आणि कुणाच्या तरी मेलेल्या लॅपटॉपमधून काढलेले दोन सेल. लग्नात माहेरहून आलेल्या सामानात हा डबा तिनं साड्यांच्या घडीत लपवून आणला होता. त्याचा उपयोग म्हणाल तर काही नाही. निनूला पडद्यावर नाचणारा ससा दाखवायचा, आणि आपल्याला अजून काही येतं एवढी स्वतःची खात्री करून घ्यायची.

"रूपालीना टिफिनमा भाजी नही वं, तार निंघस," फुलवंताबाई म्हणायची. तिचं लेकरू तीन महिन्यांचं होतं आणि तोंड पथारीवर सगळ्यांत तिखट.

डबा मुका होता. त्या पट्टीला आवाजाची सोयच नव्हती. रूपालीच्या मनात आलं, ह्याला बोलतं केलं तर? गजराबाईनं फक्त कळ दाबायची. हाक तिचीच, वेळ तिचीच. मग तिला कोण घरी पाठवेल?

बाजार बंद असेल त्या दिवशी, निनू झोळीत झोपली की ती बसायची. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, हातात मूठ पिवळी पडलेली, डाग द्यायची जुनी सोल्डरिंग गन. पट्टीची एक तार सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायची, त्या चालू-बंदच्या कमीजास्तीतून आवाज तयार होतो, हे तिला पुस्तकातून आठवत होतं. मध्ये एक रोधक, एक कपॅसिटर, म्हणजे खरखर गाळली जाते. पुढे नखाएवढा अँप्लिफायर, आणि शेवटी निनूच्या मोडक्या खेळण्यातला स्पीकर. पहिल्यांदा नुसता सूं सूं आवाज आला, तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसा. कपॅसिटर बदलला, सूं सूं कमी झाली. मग आवाज मोठा केला तर पडदा काळा आणि डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू. स्पीकर एकदम वीज ओढायचा आणि सेल बिचारे मान टाकायचे. तिथं तिनं मोठा कपॅसिटर बसवला, घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते तसा: नळाला धार कमी असली तरी घटकाभर टाकीतून पाणी यावं. तेही जमलं. तरी बॅटरी दुपारपर्यंतही पुरेना. शोधून शोधून कळलं की बोलत नसतानाही अँप्लिफायर जागाच असतो. त्याच्या एका पायाला तार जोडून तिनं त्याला झोपायला शिकवलं: हाक द्यायची तेवढाच उठ, मग झोप. त्या दिवशी ती एकटीच हसली, आणि निनू जागी होऊन तिच्याकडे बघत राहिली.

राहिला आवाज. गजराबाईचा गळा पहाटे पहाटे, आलं-गूळ चावल्यावर, दोन-चार हाकांपुरता उघडायचा. रूपाली तिला सकाळी गोदामामागे घेऊन गेली आणि मोबाइल समोर धरला.

"म्हना मावशी."

"कोनले म्हनू? समोर कोनीच नही."

"मला म्हणा."

"तुले काय म्हनू? तू तं उभीच शे." गजराबाई खरोखर अडली होती. मग तीच म्हणाली, "ती पोर आन आठे. हातमा बिस्किट दे."

निनूला मांडीवर घेतलं, तेव्हा पहिली हाक निघाली. जुनी, रस्ता ओलांडणारी. दुसऱ्या हाकेला मात्र ती थांबली. मोबाइल चालू, रूपालीचा हात अवघडलेला, आणि गजराबाई निनूच्या तोंडाकडे बघत बसलेली. बिस्किट संपलं, बोटं चाटून झाली, तेव्हा कुठे: "चाला वं माय, हात लावाऽ!"

घरी येऊन रूपालीनं ऐकलं. दुसऱ्या हाकेच्या आधी सात मिनिटं नुसती कोरी होती. डब्यातल्या मेमरी कार्डावर जागा थोडी आणि कळ दाबल्यावर सात मिनिटं कोण थांबणार? तिनं ती कापून टाकली.

पहिल्या दिवशी गजराबाईनं कळ दाबली आणि डब्यातून तिचाच तरणा आवाज निघाला, तेव्हा बाया आधी दचकल्या, मग हसल्या. फुलवंताबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं खुडत्या हातानं पुसलं आणि मग जी बोंबलत टाकीकडे पळाली ती पाहून सगळी पथारी लोळली. गजराबाई डबा मांडीवर घेऊन अशी बसली होती, जणू नातवाचं बारसं आहे.

पौष, माघ असेच गेले. ती कळ दाबायची, टाकीवर उभी राहायची, शेवटचं लेकरू सुटलं की दुसरी कळ दाबायची. रूपालीला वाटायचं, आयुष्यात एक गोष्ट तरी नीट जमली.

मग एक दिवस हेमकांतनं डबा हातात घेऊन उलटापालटा केला. माणूस वाईट नव्हता. शेठ त्याला बोलायचा, तो बायांना बोलायचा, एवढंच.

"रूपालीताई, हे तुम्ही केलं?"

"हो भाऊ."

"यात घड्याळ असेल ना?"

"असतं."

"मग बटन दाबायला माणूस कशाला? आपोआप वाजलं तर?"

हेमकांतचं पुढचं वाक्य तयार होतं. "इथं धुळीत तुमची पोर खोकते. मी बघतो ना. ऑफिसात एक माणूस पाहिजेच मला, मिरचीच्या ओलाव्याच्या नोंदी, गाड्यांच्या पावत्या. पोरीला आत घेऊन बसा. पंखा आहे." आणि मग, सहज विचारावं तसं, "सुट्टी किती वेळ चालते हो साधारण?"

निनू खरंच खोकत होती. दोन आठवडे झाले होते, रोज सकाळी झोळीतून तोच आवाज. रूपालीच्या डोळ्यांपुढे पंखा आला, बंद दार आलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पंधरा-वीस मिनिटं असेल."

निनू आता पोळी खात होती. हात धुण्याची ती माती, ती राख, रूपालीच्या स्वतःच्या दिवसातून कधीच गेली होती. म्हणून तो वेळ मोजायचा राहिला. निदान तिनं स्वतःला पुढे असंच सांगितलं.

"पंधरा करा," हेमकांत म्हणाला.

डब्याच्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी लिहायच्या होत्या. तिनं लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी डबा ऑफिसच्या खिडकीत होता. हेमकांतनं त्याची तार भाजीच्या गाडीवर असतो तसल्या भोंग्याला जोडली होती. पहिली हाक झाली. बाया उठल्या, गजराबाई सवयीनं टाकीजवळ जाऊन उभी राहिली. फुलवंताबाईचे हात राखेत होते, दोघी जणी नुकत्या पदर सोडून बसल्या होत्या, आणि भोंगा गरजला: "चाला वं माय, हात लावाऽ!"

सगळ्यांनी गजराबाईकडे पाहिलं. गजराबाईनं भोंग्याकडे पाहिलं. मग ती लुगडं सावरत, धापा टाकत खिडकीकडे धावली आणि डब्यावरच्या कळा एकामागून एक दाबत सुटली. "थांब! थांब ना वं! पोरं पी ऱ्हायनी अजून! दखात नही का तुले?"

फाटलेल्या गळ्यातून ते रूपालीलाच ऐकू आलं, कारण रूपाली खिडकीच्या आत बसली होती. माळावर मात्र जो आवाज पोचला तो भोंग्यातला होता. आणि तो गजराबाईचा होता, मग बाया काय करणार? उठल्या. फुलवंताबाईनं लेकरू तसंच उपाशी राहू दिलं आणि टाकीपासून ओरडली, "काबरं वं मावशी? आज कोन मरी गयं, इतली घाई?"

गजराबाईनं खिडकीतून आत पाहिलं. रूपालीनं पावत्यांवरची नजर उचलली नाही.

संध्याकाळी हेमकांतनं गजराबाईला समोर बसवून चहा दिला. आवाज चढवला नाही. "मावशी, आता आराम करा. डॉक्टरांनीही सांगितलंय ना? तुमचा आवाज आहे आमच्याकडे. तुमचं नाव राहीलच पथारीवर."

"नाव काय करू बेटा?" एवढंच गजराबाई म्हणाली. चहा न पिता उठली.

दोन दिवसांनी रूपालीनं धीर केला. "भाऊ, डब्यातला मावशींचा आवाज काढून टाकते. साधी घंटा लावू. नाहीतर वेळ तरी वाढवा, हात धुण्यातच दहा मिनिटं जातात."

हेमकांतला तिची खरंच कीव आली असावी. "ताई, घंटेचं कोण ऐकतं? मावशीचं ऐकतात. कार्डाची कॉपी केव्हाच मारली मी. शेठच्या दुसऱ्या दोन्ही पथाऱ्यांवर चालू आहे. तुम्ही इथलं काढलं तर तिथून परत आणीन." आणि तिच्याकडे पाहून, "बाकी, बाहेर बसायचं असेल तर जागा आहेच."

पंख्याखाली निनू पावतीच्या जुन्या पुस्तकावर रेघोट्या ओढत होती. खोकला थांबला होता. रूपालीनं पुढची पावती ओढली.

त्या दिवसापासून फुलवंताबाई सुट्टीत हात धुवायची थांबली. वेळ वाचवायला पदराचं टोक ओलं करून नुसतं पुसायची. टाकीजवळ रोज कुठलं ना कुठलं लेकरू तसा टाहो फोडायचं, आणि रूपाली खिडकी लावून घ्यायची. धूळ येते म्हणून, असं ती निनूला सांगायची. आठवड्याभरानं फुलवंताबाई लेकराचं तोंड आल्याचं निमित्त सांगून गेली ती आलीच नाही. तिच्या मागून जुन्या आणखी चार-पाच गेल्या.

होळी झाली. काठी गावची होळी करून सातपुड्यातल्या मोलगीकडच्या बाया खाली उतरल्या. शेवटच्या महिन्याला माणसं लागतातच, हेमकांतनं जीप भरून आणल्या. त्यांतल्या कुणी गजराबाईला कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती भोंग्यातली एक बाई होती.

अशातच एका सकाळी खिडकीतून रूपालीला दिसलं, नव्या बायांच्या घोळक्यात कडेला एक जण डोक्यावरून पदर, नाकाला फडकं अशी बसलीय, आणि तिची बोटं वाकडी आहेत. समोरचा ढीग हलत नव्हता. हेमकांत दोनदा तिच्या अंगावरून गेला. त्याला ओळखू आली नाही. त्यानं तिची बोटं कधी पाहिलीच नसावीत.

पहिली हाक झाली. धनुबाई नावाची एक पोरसवदा आई लेकराला घेऊन टाकीवर गेली. गजराबाई तिच्या मागून गेली. खुणेनंच तिला माती दाखवली, राख दाखवली, स्वतः तांब्यानं पाणी घातलं. धनुबाईनं हात धुतले, पदर सोडला. लेकरानं तोंड लावलं न लावलं तोच भोंगा गरजला.

धनुबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. घरी ती पावरी बोलायची, इथं मोडकी मराठी. "ही कोण बाई हो, मावशी? रोज ओरडते. हिला लेकरू नव्हतं कधी?"

गजराबाई म्हणाली, "नसंल."

"मरत पण नाही." धनुबाई थुंकली. "हिच्या गळ्यात मिरची जाऊ दे."

टाकीवरच्या दोघी-तिघी हसल्या. गजराबाईनं फडकं नाकावर आणखी घट्ट केलं. "तू पाज वं माय," ती पुटपुटली. "तिनं काही आयकू नको. बठ. मी सांगस, बठ."

पण ते पुटपुटणं कोण ऐकतं? हेमकांत लांबून टाळ्या वाजवत येत होता. धनुबाईनं लेकरू सोडवलं, ते किंचाळायला लागलं, आणि दुसरं कुणी जवळ नव्हतं म्हणून तिनं ते गजराबाईच्या हातात दिलं. गजराबाईनं ते झेलायच्या आधी स्वतःचे हात दोनदा पाण्यात बुडवले.

रूपाली बाहेर आली होती. का आली, तिलाही सांगता आलं नसतं. टाकीपासून दहा पावलांवर ती थांबली. गजराबाईनं तिला पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

धनुबाईनं ऑफिसातल्या ताईला समोर पाहून विचारून घेतलं. "ताई, तुम्हाला माहीत असेल. ही भोंग्यातली बाई कोण? राहते कुठं? एकदा जाऊन तोंडावर बोलते तिच्या."

लेकरू गजराबाईच्या खांद्यावर रडत होतं. ती त्याची पाठ थोपटत होती, आणि रूपालीच्या आधी तीच बोलली.

"दूर गावनी शे ती. तुले नही सापडाव. व्हय ना वं ताई?"

गजराबाईनं तिला कधी ताई म्हटलं नव्हतं.

"हो," रूपाली म्हणाली. "लांबची आहे."

धनुबाई शिव्या देत ढिगाकडे गेली. गजराबाई लेकराला घेऊन ताडपत्रीच्या टोकाशी, उन्हात, जाऊन बसली. रूपाली ऑफिसात परतली. खिडकीतल्या डब्यावर बारीक लाल दिवा लागला होता. दुपारच्या हाकेआधी सेल बदलायचे होते. तिनं खण उघडला आणि भरलेले सेल शोधू लागली.